जेसीबी बोलावण्याआधी खड्डा खणा

मे महिन्यात सोलापूर किंवा नगरच्या बाजूला कुठल्याही आडरस्त्याने गेलात, तर माळावर पिवळी यंत्रं चाललेली दिसतात. चढ कापायचा, खळगा भरायचा, आणि चार दिवसांत रान टेबलासारखं सपाट. सपाट झालं की पाणी देता येतं, ट्रॅक्टर फिरतो, ठिबक अंथरता येतं, डाळिंब-द्राक्षाची स्वप्नं बघता येतात. पिढ्यान्‌पिढ्या मटकी-हुलग्यावर राहिलेल्या शेतकऱ्याला बागायतीची ओढ वाटते यात काही चूक नाही.

पण दोन-तीन हंगाम गेले की त्याच शेतकऱ्याचा प्रश्न येतो. एकाच रानात, एकच बियाणं, एकच खत, तरी एका कोपऱ्यात पीक कमरेला लागतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात गुडघ्याच्या वर जात नाही, हे कसं? माती तपासली तर नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे जवळपास सारखे येतात. मग दोष बियाण्यावर जातो, नाहीतर पाण्यावर. खरं कारण वीतभर खाली असतं. जिथे चढ कापला, तिथे शेकडो वर्षांत तयार झालेली वरची माती गेली आणि मुरूम उघडा पडला. जिथे खळगा भरला, तिथे तीच चांगली माती मुरमाखाली गाडली गेली. रान सपाट दिसतं, पण आता त्यात दोन जमिनी आहेत आणि दोन्ही बिघडलेल्या आहेत.

जमिनीचा वापर बदलणं थांबणार नाही, थांबावं असा माझा आग्रहही नाही. माळाची बाग होईल, कोरडवाहूचं बागायत होईल, शेताचा प्लॉट होईल. माझं म्हणणं एवढंच आहे, की वापर बदलण्याआधी आपल्या शिवारात किती प्रकारच्या माती आहेत हे पाहा, आणि त्या सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवू नका. ते कसं करायचं, त्यासाठी हा लेख.

काळी, बरड, चोपण, पोयटा

आपल्या बोलीत मातीला किती नावं आहेत ते आठवा. भारी काळी, मध्यम काळी, हलकी, बरड, मुरमाड, चिकण, पोयटा, मळई, चुनखडी, चोपण, खारवट. भंडारा-गोंदियाचा धानवाला कन्हार, मोरंड, खरडी, सिहार अशी वेगळीच नावं सांगतो. कोकणात वरकस जमीन निराळी, खाचराची निराळी, खाडीकाठची खार निराळी. प्रत्येक नावामागे पाणी किती धरतं, नांगर कधी लागतो, काय पिकतं, हा अनुभव आहे. शास्त्रज्ञही हेच करतात. नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो हे काम करतो. मातीच्या थरांची खोली, रंग, पोत, चुना, निचरा पाहून तिच्या 'मालिका' ठरवल्या जातात. जशा वनस्पतींच्या प्रजाती, तशा मातीच्या मालिका. अमेरिकेत बर्कलीच्या रोनाल्ड अमंडसन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये हाच धागा धरून देशभरच्या मालिकांची मोजदाद केली. थोड्याच जागी सापडणाऱ्या कितीतरी माती शेती आणि शहरांखाली जवळजवळ संपत आल्या आहेत, असं त्यातून दिसलं. दुर्मीळ पक्ष्याची यादी आपल्याला माहीत असते. मातीही दुर्मीळ होऊ शकते, हे मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली एकच खडक आहे, काळा बेसॉल्ट. तरी एका गावात चार-पाच प्रकारच्या माती सापडतात, कारण उतार. माथ्यावर पाऊस माती धुऊन नेतो, म्हणून तिथे वीतभर मुरमाड माती. मधल्या उतारावर हात-दीड हात मध्यम माती. ओढ्या-नदीकाठी पुरुषभर खोल काळी, खाली चुनखडीचे खडे असलेली. खडक एक, पाऊस एक, आणि पन्नास पावलांवर माती बदलते.

या खोलीचा अर्थ पाण्यात मोजून पाहा. भारी काळी माती मीटरभर खोलीत पिकाला वापरता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. माथ्यावरची वीतभर मुरमाड माती जेमतेम २०-२५ मिलिमीटर. पीक रोज पाच मिलिमीटर पितं असं धरा. माथ्यावरचं पीक चार-पाच दिवसांत कोमेजतं, खालचं महिनाभर तग धरतं. मंगळवेढ्याची ज्वारी पाऊस संपल्यावर पेरून, पाण्याचा एकही हप्ता न देता पिकते ती या साठ्यावर. तिथल्या शेतकऱ्याने मातीच्या खोलीला साजेसं पीक निवडलं. उलट सासवडकडचं सीताफळ हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत खूश असतं. त्याला भारी काळ्या रानात नेलं तर मुळं गुदमरतात. हलकी जमीन म्हणजे वाईट जमीन, हा समज आधी काढून टाका.

पाच खड्डे

आता प्रत्यक्ष काम. रानात उन्हाळ्यात, पण माती फार टणक होण्याआधी, मार्चच्या सुमारास खड्डे खणा. माथ्यावर एक, उतारावर दोन, खाली एक, आणि पीक नेहमी रुसतं त्या जागी एक. दोन फूट रुंद, तीन फूट खोल पुरे. आधी मुरूम किंवा खडक लागला तर तिथेच थांबा. खड्ड्याची एक बाजू खुरप्याने सरळ तासून घ्या आणि सकाळच्या उन्हात तिच्याकडे नीट बघा. थर दिसतील. वरचा गडद, मुळांनी भरलेला थर किती इंचांचा आहे ते टेप लावून मोजा. हाच तुमचा खरा ऐवज. कुठून मुळं खाली जायची थांबतात, कुठे पांढरे चुन्याचे खडे सुरू होतात, कुठे पिवळट-करडे डाग आहेत ते लिहून ठेवा. असे डाग म्हणजे तिथे पाणी साचून राहतं. मोबाईलवर फोटो काढा, टेप फोटोत दिसू द्या.

मग चार साध्या परीक्षा. वरच्या आणि खालच्या थरातले वाटाण्याएवढे वाळलेले ढेकळाचे तुकडे काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अलगद सोडा. विहिरीचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्षारांनी परीक्षा फसते. तुकडा फुटून खाली बसला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पेल्यात दुधासारखा ढग पसरून तासन्‌तास तसाच राहिला, तर त्या मातीत सोडियम वाढलाय. चोपण व्हायची ती खूण. दुसरी, मातीवर लिंबू पिळा. बुडबुडे येऊन चुरचुर झाली तर चुना भरपूर. नागपुरी संत्र्याची बाग लावायचा विचार असेल तर अशा जागी थांबा, आधी प्रयोगशाळेतून चुन्याचं प्रमाण काढा. तिसरी, तळ काढलेला डबा दोन इंच जमिनीत दाबा, बोटभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते बघा. मग तितकंच पाणी पुन्हा ओता. दुसऱ्या खेपेचा वेळ जास्त खरा. चौथी पावसाळ्यासाठी राखून ठेवा: ऑगस्टमध्ये फूटभर लांब-रुंद-खोल माती काढून गोणपाटावर पसरा आणि गांडुळं मोजा.

या परीक्षा फक्त आपल्या रानात करून भागणार नाही, तुलना हवी. गावाची देवराई असेल तर तिच्या कडेला, नसेल तर जुन्या बांधावरच्या झाडाखाली, न नांगरलेल्या गायरानात हीच परीक्षा करा, ओंजळभर माती घ्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून आपण देवराईकडे झाडांसाठी पाहतो. माझ्या लेखी देवराईची दुसरी किंमत तितकीच मोठी आहे. तुमच्या गावाची माती कुणी हात लावण्याआधी कशी होती, तिचा तो शिल्लक राहिलेला नमुना आहे. तिथला सेंद्रिय कर्ब आणि तुमच्या रानातला कर्ब शेजारी ठेवून बघा. आपण किती गमावलं ते एका आकड्यात कळतं. देवराईतून माती काढताना मूठभरच घ्या, आणि गावाला विचारून घ्या.

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि ती जरूर काढा. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्यं अशा बारा गोष्टी असतात. पण मातीची खोली तिच्यात नसते, थर नसतात, निचरा नसतो. शिवाय बहुतेक जण सगळ्या रानातली माती एकत्र कालवून एक नमुना देतात. माथ्याची आणि ओढ्याकाठची माती एकत्र केली की जी माती जगात कुठेच नाही तिचा अहवाल हातात पडतो. प्रत्येक प्रकारच्या मातीचा नमुना वेगळा द्या. त्या-त्या भागात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची सहा इंचांपर्यंतची माती घ्या, मिसळा, अर्धा किलो ठेवा, पिशवीत चिठ्ठी घाला.

हे सगळं एका कागदावर उतरवा. सातबाऱ्याच्या गटाचा नकाशा घेऊन त्यावर रंगीत पेन्सिलीने मातीचे तुकडे रंगवा. एका संध्याकाळचं काम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवा. कुठे नांगर अडायचा, कुठे पाणी उभं राहायचं, कुठल्या पट्टीत हरभरा हमखास यायचा, हे त्यांच्याइतकं कुठल्याही उपग्रहाला ठाऊक नाही.

सपाटीकरण करायचंच असेल तर

कागद समोर ठेवला की पहिला निर्णय सोपा होतो: कुठे यंत्र लावायचं नाही. जिथे वरचा थर सहा इंचांहून कमी आहे, तिथे कापणी करूच नका. तो माथा गवताला द्या. मारवेल, पवना यांसारखी गवतं, मधे बोर, आवळा, सीताफळ. शेळ्या-गायींना चारा मिळतो आणि खालच्या रानात माती वाहून येणं थांबतं. गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणतो, सरकारी नोंदींतही असे माळ ओसाड जमिनीत धरले जातात. हा शब्दच घातक आहे. गवताची मुळं वर्षभर मरत-उगवत राहतात आणि मातीत कर्ब साठवतात. वाळवी, मुंग्या, बुरशी तिथे न फिरवलेल्या मातीत घर करून असतात. एकदा नांगरलं की त्या साठ्यातला बराच भाग काही वर्षांत हवेत जातो.

जिथे माती पुरेशी खोल आहे तिथे सपाटीकरण करा, पण एका घावात नको. उताराला आडव्या पायऱ्या काढा. एक मोठं सपाट रान करण्यापेक्षा तीन लहान पट्ट्या केल्या की कापणी-भरणी एकदम कमी होते. आणि सर्वांत महत्त्वाची अट यंत्रवाल्याला काम सुरू होण्याआधीच सांगा: वरचा सहा इंचांचा थर सगळ्या रानातून आधी काढून बाजूला ढीग लावायचा, मग खालचा मुरूम सरकवून पातळी साधायची, शेवटी ढिगातली माती पुन्हा सारखी पसरायची. यंत्राचे तास वाढतील आणि तो कुरकुरेल. जास्तीचे तास मोजून द्या. एका एकराचा सहा इंचांचा थर म्हणजे सुमारे ८०० टन माती. ती परत विकत आणायचं ठरवलंत तर खर्चाचा अंदाज तुम्हीच करा. ढीग पुरुषभर उंचीपेक्षा उंच नको, आतली माती हवेवाचून मरते. पावसाळा मधे आला तर त्यावर ताग किंवा धैंचाचं बी फोकून द्या. ओल्या जमिनीत यंत्र घालू नका. पोकलेनच्या पट्ट्याखाली ओली काळी माती दाबली गेली की पुढची कित्येक वर्षं त्या जागी मुळं आडवी पसरतात.

भारी काळ्या रानात बांधबंदिस्ती करणार असाल तर एक जुना धडा लक्षात ठेवा. मुंबई प्रांतात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांधांनी चांगलं काम केलं. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधाला पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. तिथे किंचित ढाळ दिलेले बांध आणि गवताचे पाट लागतात, म्हणजे जादा पाणी सावकाश बाहेर जातं. एकाच उपायाचा शिक्का सगळ्या मातींवर मारल्याने काय होतं, त्याचं हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण.

धरणातला गाळ आणायचा असेल तर हाच नियम. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे २०१७ नंतर गाळ नेण्याची लाट आली. हलक्या, बरड रानात दोन-तीन इंच गाळ सोनं आहे. तीन इंचाला एकरी साधारण ११० ब्रास लागतो, तेवढाच आणा आणि नांगरून मातीत मिसळा. वर नुसता थर राहिला तर त्याची पापडी धरते. भारी काळ्या रानात गाळ टाकू नका, आधीच चिकण असलेल्या जमिनीला आणखी चिकण माती कशाला? आणि आणण्याआधी गाळाचीही क्षारता तपासून घ्या.

बारमाही पाणी आणि चोपण

वापरबदलाचा सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कोरडवाहू रानाला बारमाही पाणी देणं, कारण यात जमीन सुरुवातीला सुधारल्यासारखीच दिसते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, बारामतीकडे ऊस वाढला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काळी रानं पाणथळ-क्षारपड होऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. आज कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी शिरोळ, मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत पांढरी पडलेली, लव्हाळा माजलेली रानं बघायला मिळतात. ती महाराष्ट्रातली सर्वांत कसदार काळी माती होती, हे तिथे उभं राहिल्यावर खरं वाटत नाही.

काळी माती जिवंत राहते ती वाळण्यामुळे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात ती फुगून मिटते. म्हणून जुने लोक म्हणायचे की काळी स्वतःला नांगरते. बारमाही ऊस घेऊन पाट भरून पाणी देत राहिलो की ही उलाढाल बंद पडते. भेगा पडत नाहीत, हवा आत जात नाही, भूजल वर येतं. त्यात क्षारांची भर पडते. तुमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला फक्त अर्धा ग्रॅम क्षार आहेत असं धरा, म्हणजे पिताना मचूळही लागणार नाहीत. उसाला वर्षाकाठी २००० मिलिमीटर पाणी दिलं तर एकरात वर्षाला चार टन क्षार आपण स्वतःच्या हाताने ओततो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. निचरा असेल तर पावसाबरोबर धुऊन जातील, नसेल तर साचतील.

म्हणून कोरडवाहूचं बागायत करताना पाणी येण्याच्या वाटेइतकाच खर्च पाणी जाण्याच्या वाटेवर करा. नाले, चर बुजवून चार सऱ्या वाढवायचा मोह टाळा. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनी बुजवलेला एक नाला वरच्या दहा जणांची रानं खराब करतो. ठिबक लावा. उसाचे दोन खोडवे झाले की एखादा हंगाम ऊस मोडून हरभरा, करडईसारखं रब्बी पीक घ्या, रान वाळू द्या, भेगा पडू द्या. दर वर्षी एकाच ठिकाणच्या नमुन्याची क्षारता आणि सामू वहीत लिहा. सामू ८.५ च्या पुढे सरकू लागला की वाट बघत बसू नका.

जमीन बिघडलीच असेल तर तिचा प्रकार आधी ओळखा. नुसते क्षार जास्त असतील तर चांगल्या पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे बाहेर काढता येतात. सोडियम बसलेल्या चोपण जमिनीला जिप्सम लागतं: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि मग सोडियम धुतला जातो. किती जिप्सम, हे प्रयोगशाळेला ठरवू द्या. शेजाऱ्याने टाकलं तेवढं टाकू नका. आणि निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. मीटर-सव्वा मीटर खोल छिद्रांच्या पाइपांचा भूमिगत निचरा हा खात्रीचा उपाय आहे, पण त्या पाण्याला नाल्यापर्यंत वाट लागते आणि ती शेजाऱ्यांच्या रानातून जाते. हे काम गटानेच होतं. शेतकऱ्यांनी भाऊबंदकी बाजूला ठेवून एकत्र बसणं हाच त्याचा सर्वांत अवघड भाग आहे. निचरा होईपर्यंत धैंचा, कडवळ, बीट अशी क्षार सोसणारी पिकं घ्या. रान उघडं टाकलं की क्षार आणखी वेगाने वर येतात.

काळी आणि पांढरी

जुन्या गावगाड्यात दोन शब्द जोडीने येत: पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेतीची. घर पांढरीत बांधायचं, काळीत नाही. आज रस्त्याकडेची काळी सपाट असते म्हणून तिथेच आधी प्लॉट पडतात. काळी फुगते-आकसते, त्यामुळे पाया खचतो, भिंतींना तडे जातात आणि खोल खोदून मुरूम भरावा लागतो. घरालाही ती गैरसोयीची. गावाजवळ मुरमाड जागा असताना काळीवर बांधकाम करणं हा दुहेरी तोटा आहे. ग्रामसभेत गावठाण वाढवण्याचा विषय आला की मातीचा रंगवलेला नकाशा घेऊन जा. बांधकाम टळणारच नसेल, तर पायाचं काम सुरू होण्याआधी वरची फूटभर माती काढून शेजारच्या हलक्या रानात न्या. माती-मुरूम गौण खनिजात मोडतात, तेव्हा हलवण्याआधी तहसील कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या.

वीटभट्टीला माती विकण्याबद्दल थोडंच सांगतो. एकरातून फूटभर माती काढली की ४३५ ब्रास जाते. एकदाच पैसे मिळतात आणि रान शेजाऱ्यांपेक्षा फूटभर खाली जातं, म्हणजे पावसाळ्यात तळं. वरची माती वाचावी म्हणून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेत औष्णिक वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात विटांमध्ये राख मिसळणं बंधनकारक केलं, पुढे हे अंतर वाढवलं. घर बांधताना राखेच्या विटा मागा. विकणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याचा हात इथे मोठा आहे.

कोकणातला आणि गोव्यातला वाचक म्हणेल, आमचं काय? तिथे दोन जागा जपायला हव्यात. एक सडा. जांभ्याच्या कातळावर खाचाखळग्यांत ओंजळ-ओंजळ माती असते आणि पावसाळ्यात तिच्यावर दुसरीकडे न दिसणारी फुलं येतात. तिथे सुरुंग लावून, बाहेरून माती आणून बाग केली तर हजारो वर्षांत जमलेली ती ओंजळ कायमची जाते. रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या फळबाग योजनेने कोकणाला आंबा-काजू दिला, त्याचं मोल आहे. पण बागेसाठी वरकस उतार पुरेसे आहेत, सडा सोडा. दुसरी जागा खाडीकाठची खार, गोव्यातलं खाजन. बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी दारं) गावाने मिळून सांभाळले तर तिथे कोरगुटसारखा खार सोसणारा भात पिकतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी भाताचे वाण दिले आहेत. बांध एकदा फुटू दिला की खारं पाणी काही भरतींतच जे करतं ते निस्तरायला अनेक पावसाळे लागतात.

शेवटी सेंद्रिय कर्बाबद्दल, कारण प्रत्येक वापरबदलात पहिला बळी त्याचा जातो. तुमच्या पत्रिकेत ०.४ टक्के लिहिलं असेल, तर ते ०.५ करायला एकराच्या वरच्या सहा इंचांत ८०० किलो कर्ब टिकून राहावा लागेल. दोन गाड्या शेणखतातला बहुतेक कर्ब सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, टिकतो थोडाच. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. पाचट जाळू नका, बांधावर गिरिपुष्प लावून पाला टाका, तुरीसारखं खोल मुळांचं पीक फेरपालटात ठेवा, नांगरट दर वर्षी करायलाच हवी का ते स्वतःला विचारा. हलक्या जमिनीचं आणि भारी जमिनीचं उद्दिष्टही वेगळं ठेवा. मुरमाड माती काळीइतका कर्ब कधीच धरणार नाही आणि तिला धरायलाही लावू नये.

पाच खड्डे खणायला दोन माणसं आणि एक दिवस पुरतो. येत्या उन्हाळ्यात यंत्राची तारीख ठरवण्याआधी तो एक दिवस काढा, आणि रंगवलेला कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवा. तुमच्यानंतर हे रान कसणाऱ्याला तो लागणार आहे.